लेस म्हणजे कोणापेक्षा कमी?

 

आज एका इंग्रजी शब्दाचा इतिहास सांगणार आहे. शब्द इवलासा आहे, लेस. जी बाई शाळेची पायरी चढली नाही तीही हा शब्द वापरते. मूर्तिजापूरच्या बाजारात साडी घ्या, स्टीलचा डबा घ्या, महिन्याचा किराणा घ्या, शेवटी आपण म्हणतोच, "दादा, काही लेस करा ना." दुकानदार म्हणतो, "ताई, तुमच्यासाठी पन्नास रुपये लेस." साडीच्या काठाला लावतो ती लेस वेगळी, तो शब्दही वेगळा. ही बिलातली लेस.

इंग्रजी शब्द आपल्या गावाला नवे नाहीत. मूर्तिजापूर म्हणजे जंक्शन. यवतमाळला आणि अचलपूरला जाणारी शकुंतला इथूनच निघायची. त्यामुळे ब्रॉडगेज आणि नॅरोगेज हे शब्द इथल्या आजोबा-आजींना इंग्रजी न शिकता समजत होते. मोठ्या गाडीचे रूळ साडेपाच फूट रुंद आणि शकुंतलेचे अडीच फूट. रुंदी कमी, म्हणून बांधायचा खर्च कमी, आणि वाहायला कापूस भरपूर. साहेबाच्या कंपनीचा हिशेब सरळ होता.

पण लेस म्हणजे सूट, हा अर्थ आपण बाजारात शिकलो. मुळात तो तुलनेचा शब्द आहे. आपली पोरं इंग्रजीत पाठ करतात ना, लिटल, लेस, लीस्ट? थोडं, त्याहून थोडं, सगळ्यात थोडं. म्हणजे लेस हा शब्द एकटा उभाच राहू शकत नाही. लेस म्हटलं की पुढे विचारावं लागतं, कशापेक्षा लेस? कोणापेक्षा कमी? हा प्रश्न आजच्या भाषणभर लक्षात ठेवा.

आपल्या मराठीत तुलनेसाठी शब्दाचं रूप बदलत नाही, आपण 'पेक्षा' लावतो. वऱ्हाडात जुन्या बाया 'परीस' म्हणतात, "तिच्यापरीस हे पोरगी हुशार." हा 'पेक्षा' आला संस्कृतातल्या 'अपेक्षा' या शब्दातून. मला हे फार आवडतं. कोणाची कोणाशी तुलना केली की त्यात कुठेतरी अपेक्षा असतेच, हे आपल्या भाषेनं आधीच ओळखून ठेवलं आहे.

कमी दाखवायचा आपला जुना शब्द म्हणजे उणे. तो तर मोजण्यातच मुरला आहे. एकोणीस म्हणजे एक उणे वीस. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, सगळीकडे एक उणा आहे. पाऊण म्हणजे पाव उणा, आणि पावणेदोन म्हणजे दोनला पाव कमी. घड्याळ बघतानासुद्धा आपण वजाबाकी करतो आणि आपल्याला ते कळतही नाही. ज्या बायांना 'तुम्हाला गणित येत नाही' असं सांगितलं जातं, त्या रोज तोंडानं वजाबाकी बोलतात.

'कमी' हा शब्द मात्र फारसीतून आला. वऱ्हाडात आधी अचलपूरची इमादशाही होती. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेला, पुढे निजामाकडे, आणि १८५३ च्या तहानं इंग्रजांच्या कारभाराखाली आला. राजे बदलत गेले, पण कचेरीतले फारसी-अरबी शब्द टिकले. 'कमी' फारसी, 'जास्त' अरबी मुळाचा. तलाठ्याकडे, भूमी अभिलेखच्या ऑफिसात 'कमी-जास्त पत्रक' नावाचा कागद आजही असतो. रस्त्यात जमीन गेली, हिस्से पडले, मोजणीत क्षेत्र बदललं, तर या पत्रकात ते लिहिलं जातं आणि त्यावरून सातबारा दुरुस्त होतो. अमरावती-अकोला महामार्ग रुंद झाला तेव्हा कित्येक घरांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. ज्या बाईच्या नावावर वावर आहे तिनं या पत्रकाची नक्कल मागून ठेवावी. किती क्षेत्र कमी झालं आणि कशामुळे, ते त्यात दिसतं.

आता इंग्रजीकडे परत जाऊ. मी बी.ए. करत होते तेव्हा आम्हाला एक नियम पाठ करायला लावला होता. मोजता येणाऱ्या वस्तूंना फ्यूअर म्हणायचं आणि न मोजता येणाऱ्या वस्तूंना लेस. माणसं फ्यूअर, पाणी लेस. पेपरात चुकलं की मार्क लेस! पुढे वाचनात आलं की रॉबर्ट बेकर नावाच्या इंग्रज माणसानं १७७० मध्ये हे आपलं मत म्हणून पुस्तकात लिहिलं, आणि नंतरच्या मास्तरांनी त्याचा नियम केला. त्याच्या साडेआठशे-नऊशे वर्षं आधी इंग्लंडचा राजा आल्फ्रेड मोजायच्या गोष्टींनाही लेसच वापरत होता. एका माणसाचं मत पुढे सगळ्यांसाठी नियम होऊन बसतं, हे फक्त इंग्रजीतच होतं असं नाही. आपल्या मराठीत माणसं कमी, पाणी कमी, रोज कमी. एकाच शब्दात भागतं.

दुसरी एक गंमत आहे आणि ती कामाची आहे. इंग्रजीत आणखी एक लेस आहे, शब्दाच्या शेवटी चिकटणारी. ऐकायला सारखी, पण मूळ वेगळं. जुन्या इंग्रजीत तिचा अर्थ 'मोकळा, सुटलेला' असा होता. म्हणून तिचा अर्थ कमी नाही, 'शिवाय' किंवा 'बिन' आहे. स्टेनलेस म्हणजे कमी डाग पडणारं नव्हे, डाग नसलेलं. हे पोलाद इंग्लंडात शेफील्डला १९१३ मध्ये निघालं, आणि पुढे त्यानं आपल्या घरातली पितळेची भांडी माळ्यावर चढवली. कल्हईवाला गेला तो त्याच्यामुळेच. सीडलेस द्राक्षं म्हणजे बिनबियांची. वायरलेस म्हणजे बिनतारी. आत्ता तुम्ही हे ऐकताय ते बिनतारीच आहे. जुन्या मराठी लोकांनी किती नेमका शब्द केला बघा, 'कमीतारी' नाही केला.

हे सांगायचं कारण कॅशलेस. दवाखान्याच्या योजनेत 'कॅशलेस उपचार' लिहिलेलं असतं. आमच्या बचत गटातल्या एका ताईंना वाटलं, कॅशलेस म्हणजे कमी पैशात. म्हणून त्या दागिना गहाण टाकायला निघाल्या होत्या. योजनेत बसणाऱ्या आजाराला, योजनेतल्या दवाखान्यात, कॅशलेस म्हणजे रोख द्यायचीच नाही. ही योजना २०१२ च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात अमरावती होता, अकोला नव्हता. म्हणजे बडनेऱ्याच्या बाईला कार्ड चालायचं आणि मूर्तिजापूरच्या बाईला नाही, मधे अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. २०१३ च्या नोव्हेंबरात ती सगळ्या महाराष्ट्रात आली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावानं चालते. तेव्हा कागदावर लेस दिसली की आधी बघायचं, ती एकटी आहे की मागच्या शब्दाला चिकटलेली.

एकटी असेल तर ती बहुतेक वजाबाकीची. दुकानाच्या बिलात लेस आपल्या बाजूची असते. साडेबाराशेचं बिल, लेस पन्नास, द्यायचे बाराशे. पण कर्जाच्या कागदावरची लेस उलट्या तोंडाची असते. मंजूर एक लाख, लेस प्रोसेसिंग फी, लेस विमा, लेस अजून काही, आणि हातात येतात सत्त्याण्णव हजार. परतफेड मात्र पूर्ण लाखाची, आणि व्याजही लाखावर. एका खाजगी कंपनीचा असा कागद आमच्या एका गटात आला होता. गटाच्या सचिव ताई आठवी शिकलेल्या. त्यांनी बोट ठेवून विचारलं, "साहेब, दुकानदार लेस करते तं आमचे पैसे वाचते. तुमी लेस करता तं कोनाचे वाचते?" साहेबांनी चहा अर्धा सोडला.

व्याजाचंही तसंच. एकजण म्हणतो बारा टक्के, दुसरा म्हणतो आमचं लेस, फक्त दहा टक्के. आपण दहाकडे धावतो. पण दहा टक्के फ्लॅट आहे आणि बारा टक्के घटत्या शिलकीवर आहे, हे कोणी सांगत नाही. समजा बारा हजार रुपये घेतले, महिन्याला हजार फेडायचे, एक वर्ष. घटत्या शिलकीवर बारा टक्के म्हणजे महिन्याला शेकडा एक रुपया. पहिल्या महिन्यात १२० रुपये व्याज, दुसऱ्यात ११०, असं उतरत शेवटच्या महिन्यात १०. सगळं मिळून ७८० रुपये. आणि फ्लॅट दहा टक्के म्हणजे वर्षभर पूर्ण बारा हजारांवर, १,२०० रुपये. दहा टक्के बारापेक्षा जड झाले! दोन्ही आकडे एकाच मापाचे नसतील तर त्यात कमी-जास्त ठरवताच येत नाही. पायलीनं मोजलेली ज्वारी आणि किलोनं मोजलेली ज्वारी शेजारी ठेवून भाव करण्यासारखं ते आहे.

हे झालं बाजाराचं. आता खरा इतिहास, जो मला आज सांगायचा आहे.

"बाईचा रोज कमीच राह्यते, हे का नवं हाय?" असं मला एका मावशीनं निंदणाच्या वावरात सांगितलं. बरोबर आहे, नवं नाही. माणसाचा रोज एक आणि बाईचा रोज त्यापेक्षा कमी, हे इतकं जुनं आहे की त्याला कारण द्यावं लागतं हेच लोक विसरले. विचारलं तर सांगतात, बायांचं काम हलकं. दिवसभर वाकून निंदण करायचं, पऱ्हाटीत कमरेला ओटी बांधून कापूस वेचायचा, हे हलकं. आणि बांधावर उभं राहून सांगायचं, हे जड!

स्वातंत्र्यानंतर कायद्यात हीच लेस वेगळ्या रूपात आली. तिच्या आधी 'नॉट' लागला. नॉट लेस दॅन. म्हणजे, यापेक्षा कमी नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्यानं मालकाला सांगितलं की ठरवलेल्या दरापेक्षा कमी दरानं मजुरी देता येणार नाही. बघा, शब्द तोच, पण काम उलटं झालं. आधी लेस आपल्या रोजातून काढून घ्यायची, आता तीच लेस रोजाखाली जोतं बांधून उभी राहिली. जोत्याच्या वर घर किती उंच बांधा, बांधणाऱ्याची हिंमत. जोत्याखाली जाता येणार नाही.

राज्यघटनेत समान कामाला समान वेतन हे धोरण म्हणून आधीच लिहिलं होतं. पण प्रत्यक्ष कायदा यायला १९७६ उजाडलं. त्याच्या आधी आपल्या महाराष्ट्रात एक मोठी गोष्ट घडली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात तासगावला रोजगार हमीचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात ती योजना राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या, बंधाऱ्याची माती वाहणाऱ्या बाया आज आजी, पणजी झाल्या आहेत. तिथं मजुरी कामाच्या मापावर होती. जेवढी ब्रास खडी, तेवढे पैसे. खडीच्या ढिगावर बाई आणि बाप्या असं लिहिलेलं नसतं. पुष्कळ बायांच्या हातात माणसाइतका दर पहिल्यांदा पडला तो या कामावर.

१९७६ च्या समान वेतन कायद्यातलं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. एकच काम असेल किंवा त्याच प्रकारचं काम असेल, तर बाईला पुरुषापेक्षा कमी दरानं पैसे देता येणार नाहीत. 'त्याच प्रकारचं' हे शब्द मुद्दाम घातले आहेत. कामाचं नाव वेगळं ठेवून पळवाट काढता येऊ नये म्हणून. कौशल्य, मेहनत, जबाबदारी सारखी असेल तर नाव काहीही द्या, काम सारखंच. आणि कायदा करणाऱ्यांनी मालकाची आणखी एक युक्ती आधीच ओळखली होती. बाईचा रोज वाढवण्याऐवजी माणसाचा रोज खाली आणला तरी दोघांचा रोज सारखा होतोच ना? तर तेही करता येणार नाही, असं त्यातच लिहून ठेवलं. समान करायचं तर वर उचलून करायचं. नंतर २०१९ च्या वेतन संहितेत हे जुने कायदे एकत्र घेतले गेले.

हा कायदा कागदावरून खाली कसा उतरला याची एक मुंबईची हकिकत आहे. मॅकिनॉन मॅकेंझी नावाची मोठी कंपनी. तिथं ऑड्री डिकोस्टा नावाच्या स्टेनोग्राफर होत्या. स्टेनो म्हणजे साहेब बोलेल ते झरझर लिहून घ्यायचं आणि टाईप करायचं. तिथल्या बाई स्टेनोंना पुरुष स्टेनोंपेक्षा पगार कमी. १९७७ मध्ये त्यांची नोकरी गेली. त्यांनी फरकाचे पैसे मागितले. कंपनी म्हणाली, या बाया एकेका साहेबाच्या खास स्टेनो आहेत, आमच्याकडे त्या जागेवर पुरुषच नाहीत, मग तुलना कोणाशी करता? हाच तो प्रश्न, कोणापेक्षा कमी? तुलनेला माणूसच समोर ठेवला नाही की कमी हा शब्दच बोलता येत नाही. कंपनीनं युनियनशी झालेला करार दाखवला. आमची आर्थिक स्थिती नाही, हेही सांगितलं.

दहा वर्षं प्रकरण चाललं. मार्च १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. कामाचं स्वरूप बघा, खुर्चीचं नाव बघू नका. खास स्टेनो असो की साधा स्टेनो, काम त्याच प्रकारचं आहे. करार केला म्हणून कायदा मोडता येत नाही. आणि पैसे नाहीत म्हणून बाईला कमी द्या, असंही चालत नाही.

आपल्या शेतावर कोर्ट येत नाही, हे मला माहीत आहे. तिथं कोणी हजेरीपट लिहीत नाही आणि निंदणासाठी कोणी करारनामा करत नाही. पण त्या निकालातलं पहिलं वाक्य आपल्याला उचलता येतं, कामाचं स्वरूप बघा. सोयाबीन सोंगताना एका ओळीत माणूस आणि शेजारच्या ओळीत बाई असेल, दोघांच्या ओळी सारख्याच लांब असतील, तर रोज वेगळा काहून? आमच्याकडच्या काही गटांनी रोजानं न जाता गुत्त्यानं सोंगणी घ्यायला सुरुवात केली. एकराचा भाव ठरवायचा आणि पैसे आपसात वाटायचे. एकराला बाई-माणूस नसतं. त्यात आपली दमछाक जास्त होते हेही खरं, आणि ज्या ताईंचं वय झालं त्या मागे पडतात. तो प्रश्न गटानं आपसात सोडवावा लागतो.

ही लेस पुढे गेली ती थेट ग्रामपंचायतीत. १९९३ च्या २४ एप्रिलला त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली. त्यात महिलांच्या जागा किती? सगळे म्हणतात, तेहतीस टक्के. घटनेत तसं नाही. घटनेत आहे, एक तृतीयांशापेक्षा कमी नाही. नॉट लेस दॅन. फरक समजून घ्या. सात सदस्यांची पंचायत आहे. सातचा तिसरा हिस्सा होतो दोन आणि वर थोडं. दोन जागा दिल्या तर त्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी होतात, म्हणून तीन द्याव्या लागतात. 'कमी नाही' या दोन शब्दांनी गावागावांत एकेक बाई जास्त बसवली.

आणि त्याच शब्दांमुळे पुढचा रस्ता उघडा राहिला. 'एक तृतीयांश' एवढंच लिहिलं असतं तर राज्यांना वाढवताना अडचण आली असती. जोतं घालून दिलं, छत घातलं नाही. म्हणून बिहारनं २००६ मध्ये निम्म्या जागा दिल्या आणि महाराष्ट्रानं २०११ मध्ये. आज आपल्या पंचायतीत अर्ध्या जागा बायांच्या आहेत, त्याचं बीज त्या छोट्या शब्दात आहे.

तरी गावात काय होतं? वॉर्ड सर्वसाधारण निघाला की एखाद्या ताईला सांगतात, "तुमची जागा नाही यंदा, तुमी काहून फॉर्म भरता?" असं सांगणारा माणूस जोत्यालाच छत समजतो. राखीव जागा म्हणजे बायांच्या कमीत कमी जागा. सर्वसाधारण जागा सगळ्यांची, आणि सगळ्यांत आपणही येतो. आरक्षण नव्हतं तेव्हाही बाया निवडून आल्याच होत्या. पुणे जिल्ह्यातल्या निंबुतला तर सगळ्या बायांची पंचायत झाली. १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचं महिलांचं मोठं अधिवेशन नाशिक जिल्ह्यात चांदवडला झालं, आणि त्यानंतर जळगाव जिल्ह्यातलं विटनेर, आपल्या शेजारच्या यवतमाळमधलं मेटीखेडा अशा गावांत बायांनी आख्खी पॅनलं उभी करून पंचायती घेतल्या. तेव्हा त्यांना कोणी एक तृतीयांश मोजून दिला नव्हता.

आता २०२३ चा कायदा बघा. लोकसभा आणि विधानसभेत महिलांना एक तृतीयांश जागा देणारी एकशेसहावी घटनादुरुस्ती. चांगलीच गोष्ट. आजच्या २८८ आमदारांच्या हिशेबानं ९६ बाया होतात. ती जनगणना आणि मतदारसंघांची नवी आखणी झाल्यावर लागू व्हायची आहे. पण तिच्या शब्दांत 'कमी नाही' हे नाही. तिथं आहे, शक्य तितक्या जवळपास एक तृतीयांश. पंचायतीला जोतं मिळालं आणि विधानसभेला अंदाज. असा फरक का केला असेल, यावर आपल्या गटाच्या मिटिंगमध्ये जरूर बोला. माझं मत विचाराल तर मला पंचायतीचं वाक्य जास्त मजबूत वाटतं.

शेवटचा एक प्रकार राहिला, तो भरभर सांगते. 'यापैकी जे कमी असेल ते.' हे वाक्य प्रत्येक अनुदानाच्या कागदावर असतं आणि आपण ते वाचत नाही. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगाच्या केंद्राच्या योजनेत पस्तीस टक्के अनुदान आहे आणि वरची मर्यादा दहा लाख. सहा लाखांची डाळ मिल असेल तर पस्तीस टक्के म्हणजे २ लाख १० हजार. ते दहा लाखांपेक्षा कमी, म्हणून २ लाख १० हजारच मिळणार. कोणी एजंट 'दहा लाख अनुदान' म्हणत आला तर त्याला पाणी द्या आणि रस्ता दाखवा. ग्रामसभेच्या गणपूर्तीलाही हेच वाक्य आहे, मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यापैकी जे कमी. चारशे मतदारांच्या गावात साठ माणसं पुरतात, दोन हजारांच्या गावात शंभर. इथं मात्र 'जे कमी' आपल्या सोयीचं आहे. दहा-दहा बायांचे सहा गट ठरवून गेले तर छोट्या गावाची गणपूर्ती आपल्याच पदरानं होते, आणि मग 'लोकच आले नाहीत' म्हणून सभा तहकूब करायचं कारण राहत नाही.

वेळ संपत आली, आतून खूण होते आहे. पुढच्या मिटिंगला येताना प्रत्येक गटानं आपल्या कर्जाचा मंजुरीचा कागद घेऊन यायचा आहे, आणि मोबाईलमधला कॅल्क्युलेटर ज्यांना उघडता येतो अशा दोघी तरी सोबत आणा. लेस कुठं लिहिली आहे ते मिळून शोधू.